ज्या सुरीने खडक रचला

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. भाजी चिरायची नव्हे, रंग थापायची. गवंड्याच्या थापीची धाकटी बहीण म्हणा ना. आज मला राग आला आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म हैदराबादच्या बेगम बाजारातल्या एका लोहाराच्या दुकानात झाला. आधी मी तुटक्या करवतीचे पाते होते. लोहाराने माझे दात काढले, घासून घासून मला पिंपळपानासारखे पातळ केले आणि कडुलिंबाची मूठ बसवली. धार मात्र लावली नाही. नामदेवराव मास्तरांनी त्याला तसे बजावलेच होते. हिला काही कापायचे नाही, हिला रचायचे आहे.

मास्तर हिमायतनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे हातात जोर होता. विद्यार्थी असताना त्यांना ग्रंथालयात परदेशी चित्रांचे एक फाटके पुस्तक सापडले. त्यातली झाडे निळी होती, वाटा तांबड्या होत्या आणि रंग असा जाड की कागदावरसुद्धा त्याची सावली पडलेली दिसे. विद्वान त्या पद्धतीला उत्तर-दृक्प्रत्ययवाद म्हणतात. मला एवढा मोठा शब्द पेलत नाही. मास्तर म्हणत, "डोळ्याला दिसतं ते खाली, मनाला लागतं ते वर." मी त्या दोन्हींच्या मधे होते.

हैदराबादचे खडक तुम्ही पाहिलेच असतील. एकावर एक असे तोलून बसलेले, जणू कोणी खेळता खेळता ठेवून गेले. गावाबाहेर असाच एक खडक होता. मोठा खडक वाकलेला आणि त्याच्या मांडीत एक लहान धोंडा. आसपासचे लोक त्याला तल्लीबंडा म्हणत, म्हणजे आईचा खडक. मास्तरांनी तीस वर्षांत तो चाळीस वेळा तरी रंगवला. कधी जांभळा, कधी नारिंगी, कधी नुसता हिरवा. दर रविवारी सायकलला चित्र टेकवायची लाकडी घोडी बांधायची, मला पिशवीत टाकायचे आणि निघायचे.

लोक काय कमी हसले? एका प्रदर्शनात एक गृहस्थ चित्राला नाक लावून म्हणाले, "मास्तर, हे चित्र आहे की थालीपीठ? थापलंय मात्र झकास!"

"भोकं पाडायची राहिली," मास्तर म्हणाले. "तुम्ही तेल घेऊन या."

घरी येऊन मात्र त्यांनी दोन दिवस मला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा मला उचलले.

मग एक दिवस इमारत बांधणाऱ्यांनी तल्लीबंड्याला सुरुंग लावला. आज तिथे चौदा मजले उभे आहेत. मास्तरांनी घरी बसून, आठवणीने, तो शेवटचा एकदा रंगवला. त्या चित्रात मी इतका रंग चढवला की खडक कॅनव्हासातून बोटभर बाहेर आला. त्यानंतर दोन वर्षांनी मास्तर गेले. बाकीची चित्रे इकडे तिकडे गेली. घरात हे एकच राहिले.

आता सुनंदाबाईंविषयी सांगते. त्या मास्तरांच्या पत्नी. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. रोज सकाळी आंघोळ झाली की त्या भिंतीपाशी येत आणि चित्रावरून बोटे फिरवत. "हे ऊन," म्हणत. "ही खाच. हा मांडीतला धोंडा." साऱ्या हैदराबादेत तल्लीबंडा आता फक्त त्यांच्या बोटांना दिसत होता.

त्यांचा मुलगा गिरीश. वाईट नाही हो तो! आईचे औषध कधी चुकवत नाही. पण चित्र खराब होईल म्हणून त्याला धास्ती. "आई, हात नको लावू. तेलकट व्हायलंय ते." शेवटी त्याने त्यावर काच बसवायचे ठरवले. दसऱ्याला सोने द्यायला माणसे येणार, त्याआधी भिंत नीटनेटकी दिसली पाहिजे ना!

कोठी बाजारातल्या फ्रेमवाल्या महबूबभाईंनी त्याला स्पष्ट सांगितले होते, "साब, काच नक्को. रंगां उप्पर आयेसो हैं, दब जाते. मेरेकू चार रोज देव, गहरी फ्रेम बनाताऊं."

चार दिवस! गिरीशला तेवढा धीर कुठला? त्याने साधीच फ्रेम आणली. खडक पुढे आलेला, त्यामुळे काच टेकेना. मग त्याची नजर माझ्यावर पडली.

मित्रांनो, त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारे पुजतात. त्या दिवशी नांगर चालत नाही, कात्री चालत नाही. मास्तर मला धुऊन पाटावर ठेवत, झेंडूचे फूल वाहत आणि दिवसभर शिवतसुद्धा नसत. त्यांच्यामागे सुनंदाबाई तसेच करत. त्याच दिवशी गिरीशने मला पाटावरून उचलले, पायरीच्या दगडावर घासून धार लावली आणि माझ्याकडून तो खडक तासून घेतला.

माझ्याकडून! जो मीच थरावर थर चढवून रचला होता! वरची साय वाळली होती, पण आत जवसाच्या तेलात कालवलेला रंग अजून मऊ होता. मास्तर जाऊन दोन वर्षे झाली, तरी आत ओलावा होता. मला ओरडता आले असते तर सारी गल्ली गोळा केली असती. माझे फूल अजून पाटावरच पडले होते.

इतक्यात आतून सुनंदाबाई आल्या. भिंत धरत, पण भरभर. चेहरा उजळला होता.

"गिरीश, जवसाच्या तेलाचा वास कुठून यायलाय रे? कोण रंगवायलंय?"

त्यांनी चाचपडत चित्र शोधले. बोटे उन्हावर गेली आणि घसरली. पुन्हा गेली.

"खडक कुठंय?"

"आई, काच बसंना म्हणून जरासं सपाट केलं. दिसायला तसंच आहे की!"

"दिसायला!" त्या म्हणाल्या. "कोणाला दिसायला? ज्यांनी खऱ्या खडकाला सुरुंग लावला, ते परके होते. तू कोण रे?"

मग त्यांनी हात पुढे केला. गिरीशने मला त्यांच्या हाती दिले. माझी नवी धार त्यांच्या अंगठ्याला लागली. त्यांनी मला पाटावर ठेवले, फूल शोधून वाहिले आणि त्या खाली बसून रंगाचे कपटे एकेक करून डब्यात भरू लागल्या. गिरीशही बसला आणि वेचू लागला.

काच परत गेली. चित्र तसेच भिंतीवर आहे. मोठा खडक गेला, पण मांडीतल्या धोंड्यापर्यंत मी पोचले नव्हते. दसऱ्याच्या सकाळी सुनंदाबाईंनी गिरीशचे बोट धरून त्यावर ठेवले. त्याने ते चित्र तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी आता त्याच डब्यात असते, कपट्यांच्या सोबतीला. मित्रांनो, कोणतीही जुनी वस्तू चकचकीत करायला घ्याल, तेव्हा आधी घरात विचारा की ती कोणाच्या रोजच्या हाताखालची आहे. आणि मला पुन्हा कधी धार लावू नका. पुढच्या खंडेनवमीला माझी एवढीच मागणी आहे.