कोऱ्या कापडाची घडी

मित्रांनो, माझे दार एकदा बंद झाले की आतल्या अंधारात काय घडते, ते बाहेरच्या कोणालाही दिसत नाही. मी एक जुना ऑटोक्लेव्ह आहे. शस्त्रक्रियेची हत्यारे आणि कपडे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे, माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे पोलादी भांडे. आफ्रिकेतल्या मलावी देशात, सरोवराकाठी असलेल्या एका रुग्णालयाच्या पडवीत आता मी पडून असतो. माझे दार आवळणाऱ्या चाकाला गंज चढला आहे आणि दाब दाखवणाऱ्या काचेमागे कोळ्याने घर केले आहे. बोलण्याची घाई मला कधीच नव्हती. आज मात्र आहे.

माझा जन्म थंड मुलखातल्या एका कारखान्यात झाला. जाड पत्रा वाकवून, सांधून, पाण्याच्या दाबाखाली तपासून मला घडवले गेले. माझ्या डोक्यावर शिट्टीची झडप बसवली, दाराला रबराचे कडे बसवले आणि पोटाखाली हवा निघून जाण्यासाठी नळी जोडली. तिथल्या वृद्ध तपासनिसाने माझे मर्म दोन वाक्यांत सांगितले होते. वाफ वरून येते आणि जड हवेला खाली रेटून बाहेर काढते. जिथे हवा अडून राहते तिथे वाफ पोहोचत नाही, आणि जिथे वाफ पोहोचत नाही तिथे जंतू मरत नाहीत. माझे सारे शास्त्र एवढेच आहे. माझी सारी भीतीही एवढीच आहे.

जहाजातून आणि मग मालमोटारीतून मी या रुग्णालयात आलो. शस्त्रक्रियागृहाच्या मुख्य परिचारिका झेलिफामाई यांच्या हाती माझा कारभार गेला. माई उंच होत्या, त्यांचा आवाज खणखणीत होता आणि दार बंद करण्यापूर्वी माझ्या रबराच्या कड्यावरून बोट फिरवण्याची त्यांची सवय कधी मोडली नाही. पोट फाडून मूल बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रिया येथे फार होत. त्या करीत कचाले. ते पदवीधर डॉक्टर नव्हते. या देशात शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतलेले असे वैद्यकीय अधिकारीच पुष्कळ ठिकाणी हे काम करतात, आणि कचाल्यांचा हात चांगला होता. कापडात बांधलेल्या हत्यारांच्या घड्या माझ्या पोटातून निघत, बाहेरून लावलेल्या चिकटपट्टीवर वाफेने काळ्या रेघा उमटलेल्या असत, आणि माई माझ्या अंगावर थाप मारून म्हणत, "शाब्बास रे म्हाताऱ्या!"

ते माझे सुखाचे दिवस होते. त्या सुखातच पुढच्या संकटाचे बीज पडले.

सरकारकडून येणारी हिरवी कापडे झिजली, फाटली आणि नवी येईनात. हत्यारे गुंडाळायची कशात? त्याच सुमारास एक बाई बरी होऊन घरी गेली होती. ती परत आली आणि तिने माईंच्या हातात कोरे चितेंजे ठेवले. चितेंजे म्हणजे येथील बायका कमरेला गुंडाळतात आणि ज्याने बाळ पाठीशी बांधतात, ते रंगीत छापाचे सुती कापड. माईंनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि त्यातच हत्यारांची घडी बांधली. ही गोष्ट गावोगाव गेली. मग शस्त्रक्रियेतून वाचलेली प्रत्येक आई कापड आणू लागली. भुईमूग आणि तंबाखू विकून झाला की त्या दिवसांत तर फळीवर कापडांची रास लागे.

एक साधी रीत माईंनी पहिल्यापासून पाळली. भेट आलेले कापड पहिल्यांदा वापरताना धुवायचे नाही. एका नव्या परिचारिकेने ते बादलीत बुडवले, तेव्हा माई तिच्यावर कडाडल्या होत्या.

"अगं, देणारीच्या डोळ्यादेखत तिचं कापड धुतेस? तिला काय वाटेल? माझे आभार या बाईला मळके वाटले?"

"पण माई, ते कडक आहे. घडीसुद्धा नीट बसत नाही."

"माणूसही पहिल्या दिवशी कडकच असतं. तू नव्हतीस का? बांध गच्च!"

सगळ्या हसल्या. मला हसता आले नाही. कोऱ्या चितेंजेवर मेणाची आणि खळीची झिलई असते. त्याची दुहेरी घडी गच्च बांधली की वाफ येऊन तिच्यावर आपटे, आत जाण्याची वाट शोधे आणि परत फिरे. घडीच्या मध्यभागी हवेचा एक थंड गोळा तसाच राही. बाहेरची चिकटपट्टी मात्र इमानाने काळी होई, कारण बाहेर वाफ होती. माझ्या काचेवरचा काटाही योग्य जागी उभा राही, कारण तो माझा दाब सांगत होता, घडीचा नव्हे. दोघेही खोटे बोलत नव्हते. त्यांना आतले कोणी विचारलेच नव्हते.

मग बायका परत येऊ लागल्या. बाळ पाठीवर, डोळे खोल गेलेले आणि अंगात ताप. जखमेतून पू येई. काही बऱ्या होत. फालेसी नावाची तरुणी मात्र वाचली नाही. तिची जखम बाहेरून कोरडी होती, म्हणून ताप मलेरियाचा समजून तिला गोळ्या देत राहिले, आणि आतल्या आत ती सडत गेली. तिच्या सासूने बाळ उचलले आणि ती माझ्या खोलीवरून निघून गेली. ती मागे वळून बघेल असे मला वाटले. तिने बघितले नाही.

कोणी म्हणाले, माश्या. कोणी म्हणाले, रुग्णांचे नातेवाईक अंगणात मासे भाजतात तो धूर. कोणी दबक्या आवाजात करणीचे नाव घेतले. तेव्हा शहरातल्या मोठ्या रुग्णालयातून डॉ. अलिनाफे आल्या. शस्त्रक्रियेनंतर जखमा का चिघळतात, याचे संशोधन करणे हे त्यांचे काम. त्या प्रत्येक बाईची रीतसर संमती घेत, ती घरी गेल्यावर महिनाभर फोन करून विचारपूस करीत, हात धुण्यापासून औषधाच्या वेळेपर्यंत सारे तपासत.

"माश्यांचीही संमती घेतलीत का, डॉक्टर?" कचाल्यांनी एकदा विचारले.

"घेणार होते," त्या म्हणाल्या, "पण त्या तुमच्या ताटावरून उठायला तयार नाहीत."

माई खो खो हसल्या. पण डॉक्टरांना जे दिसू लागले होते, ते हसण्यासारखे नव्हते. पावसाळ्यातल्या उपासमारीच्या महिन्यांत बायका अशक्त असत, तरी जखमा बऱ्या होत. पीक हाती आल्यावर पोटभर खाऊन आलेल्या बायकांच्या जखमा मात्र चिघळत. हे उलटे कोडे त्यांना सुटेना. मग एक एक वस्तू तपासताना माझी पाळी आली. त्यांनी प्रत्येक घडीच्या आत, अगदी मध्यभागी, एक फिकी पट्टी ठेवायला सांगितली. आत वाफ पोहोचली तरच ती काळी होणार होती. शस्त्रक्रिया करताना घडी उघडली की पट्टीवर रुग्णाचे नाव घालून ती न बघता, उलटी धरून, एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. डबा चिकटपट्टीने बंद. महिना संपल्यावरच तो उघडायचा, म्हणजे अर्धवट माहितीवरून कोणी आपले वागणे बदलणार नाही.

तो डबा माझ्या डोक्यावरच्या फळीवर ठेवला गेला. मित्रांनो, सत्य माझ्यापासून वीतभर अंतरावर बंद होते आणि मी ते ओळखत होतो.

त्याच महिन्यात माईंची लेक एलुबी बाळंतपणासाठी आली. मूल आडवे होते, शस्त्रक्रिया ठरली. माईंनी त्या सकाळी फळीवरच्या राशीच्या तळातून एक कापड काढले. निळ्या रंगावर पिवळे मासे. जुळी मुले सुखरूप घेऊन गेलेल्या आईने ते दिले होते, आणि माईंनी ते लेकीसाठी राखून ठेवले होते. त्यांनी ते गालाला लावले. कापड कागदासारखे कुरकुरले.

घडी माझ्या पोटात आली. वाफ तिच्यावर आपटली आणि परत फिरली. मी तापलो, दाब चढला, काटा नेमक्या जागी थांबला. शिट्टी वाजावी असे मला फार वाटले. पण यंत्राला खोटी शिट्टी वाजवता येत नाही. माईंनी दार उघडले, काळ्या रेघा पाहिल्या आणि मला थाप मारली.

"शाब्बास रे म्हाताऱ्या!"

मुलगी झाली. ती धडधाकट होती आणि रडली तेव्हा सारी इमारत दणाणली. काही दिवस एलुबी हसत होती. मग तिला थंडी वाजू लागली. कचाल्यांनी जखम पाहिली. ती कोरडी होती. त्यांनी मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या. ताप उतरेना. एलुबीने भुईमुगाची पेज दूर सारली, मग पाणीही. तिसऱ्या प्रहरी माई माझ्या खोलीत आल्या. मागोमाग डॉ. अलिनाफे आणि कचाले. माईंनी फळीवरचा डबा उचलला.

"हा उघडा."

"माई, नको. आता उघडला तर महिन्याचं सगळं काम वाकडं होईल. खरं कारण हातून निसटेल."

"तुमच्या हाती कारण लागेल, डॉक्टर. तोवर माझी लेक कुठे असेल?"

"मलेरियाच आहे, माई," कचाले समजावणीच्या सुरात म्हणाले. "जखम तुम्हीही बघितलीत. कोरडी खडखडीत."

"फालेसीचीही कोरडीच होती, कचाले."

माईंनी डबा डॉक्टरांच्या हातात दिला. मग त्यांनी हळूच विचारले, "पोरी, तुला कारण कशासाठी हवंय?"

डॉ. अलिनाफेंनी कात्री घेतली आणि डब्याची चिकटपट्टी कापली. काळ्या पट्ट्या एकीकडे ठेवल्या. फिक्या दुसरीकडे. एलुबीची पट्टी दुधासारखी फिकी होती.

"ही कुठल्या कापडात होती?"

"निळं. पिवळे मासे."

"जुनं?"

"कोरं," माई म्हणाल्या.

"आणि ही?"

"लाल. कोंबड्यांचा छाप. तेही..." माई थांबल्या. "कोरं."

एकेक फिकी पट्टी पुढे येत गेली आणि माई एकेका देणारीचे नाव सांगत गेल्या. प्रत्येक कापड कोणी दिले हे त्या विसरल्या नव्हत्या. ती सारी पीक विकून घेतलेली कोरी कापडे होती, आणि डॉक्टरांचे उलटे कोडे तिथेच सुटले. शेवटी कोणी काही न विचारता त्या म्हणाल्या, "फालेसीचं पिवळं होतं. सूर्यफुलं. मीच निवडलं होतं." आणि त्या माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या, हात मांडीवर उपडे ठेवून.

"मलेरिया नव्हे," डॉक्टर कचाल्यांना म्हणाल्या. "पोट उघडायला हवं. आता."

त्या दिवशीची हत्यारे एका जुन्या, धुऊन धुऊन विरलेल्या चितेंजेत माझ्या पोटात आली. वाफ त्यातून अशी गेली, जणू ती विणीतून जायलाच जन्मली होती. आतली पट्टी डॉक्टरांनी स्वतः उघडून पाहिली, कोळशासारखी काळी. एलुबीच्या जखमेच्या तळाशी, स्नायूंखाली, पू साठला होता. गर्भाशय काढावे लागले. एलुबी वाचली. पुढे किती तरी दिवस तिला उठून बसता येत नव्हते, आणि तिची मुलगी तिची एकुलतीच राहिली.

माई तिच्या उशाशी बसत. मग एका सकाळी त्यांनी फळीवरची सगळी कोरी कापडे अंगणातल्या नळावर नेली आणि भर चौकात धुवायला घेतली. पाणी पांढरट, मेणकट होऊन वाहू लागले. ज्यांनी ती दिली होती, त्यांतल्या काही बायका बाळे पाठीशी बांधून पाहत होत्या. एक जण दुखावून म्हणाली, "माई, आमचं देणं एवढं घाण का?"

माईंनी कापड पिळले. "देणं नाही गं. मी तुम्हाला दिलेला मान घाण निघाला." मग त्यांनी त्या बाईच्या पाठीवरच्या, बाळाच्या वजनाने आणि रोजच्या धुण्याने मऊ झालेल्या कापडाला हात लावला. "आभार मानायचेत ना? मग हे दे. तुझं लेकरू चालू लागलं की."

तेव्हापासून तीच रीत झाली. कोरे कापड आईने न्यायचे, त्यात बाळ वाढवायचे, आणि ते चालू लागले की मऊ झालेले कापड आणून द्यायचे. प्रत्येक घडीत पट्टी ठेवायची आणि ती सर्वांसमोर तपासायची. पुढच्या पिकाच्या हंगामात जखम चिघळून परत येणाऱ्या बायका क्वचितच दिसल्या. डॉ. अलिनाफेंनी आपले बिघडलेले संशोधन पुन्हा पहिल्यापासून केले, आणि त्यावरून इतर रुग्णालयांनीही आपापल्या घड्या उघडून पाहिल्या.

मग मी म्हातारा झालो. माझे रबर फाटले, ते बदलून मिळाले नाही. माई गावी गेल्या, कचाले दुसरीकडे बदलून गेले. माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. ते देखणे आहे. काम झाले की त्याच्यावर हिरवा दिवा लागतो. नवी मुख्य परिचारिका कष्टाळू आणि प्रेमळ आहे, पण माईंची मऊ कापडाची रीत तिला कोणी सांगितलेली नाही. आतल्या पट्ट्या संपल्या आहेत. मागणी गेली आहे, अजून माल आलेला नाही.

आज सकाळी एक आई माझ्या समोरून गेली. तिच्या हातात हिरवे, कोरे चितेंजे होते. नव्या बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतले.

"किती सुंदर! आजच वापरते."

"धुवून देऊ का?"

"छे गं! तुझं मन मोडेल ना."

माझ्यापर्यंत त्या कापडाची कुरकुर ऐकू आली. मग नव्या यंत्राचे दार लागले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या असे दार उघडेल. तेव्हा या पडवीतल्या गंजलेल्या म्हाताऱ्याची एवढीच विनवणी ऐका. बाहेरच्या काळ्या रेघेवर थांबू नका, काट्यावर थांबू नका, आणि प्रेमाने दिले आहे म्हणून न तपासता ते आत घालू नका. भिंतीपलीकडे हिरवा दिवा लागला आहे. त्या दिव्याला विचारू नका. घडी उलगडा, आणि आत बघा.