ताऱ्यांचे बारसे

राहुरी मागे पडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड सुरू झाले आणि रोहिणीला डुलकी लागली. हिवाळ्यातले दुपारचे ऊन बसच्या धुळकट काचेतून पिवळे होऊन येत होते आणि त्यात मळीचा गोडसर-आंबूस वास मिसळला होता. अर्धवट झोपेत तिला झेंडूच्या माळा लावलेला एक पाळणा दिसला. त्यात बाळ नव्हते. एक जुनी, तांबूस दीर्घिका होती आणि तिच्याभोवती धुराइतके विरळ, निळसर वलय. कुणीतरी दोरी ओढली. पाळणा हलला. दीर्घिका जागच्या जागी राहिली आणि वलय तेवढे अलगद बाजूला सरकले.

ती दचकून जागी झाली. स्वप्नांत काही संकेत असतात यावर तिचा विश्वास नव्हता. ज्या चित्राची वाट ती आठवडाभर पाहत होती तेच चित्र झोपेत दिसले, यात गूढ काही नव्हते.

रोहिणी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत दीर्घिकांचा अभ्यास करीत असे. तारे कसे जन्मतात हा तिचा विषय. त्यातही, हायड्रोजन वायूचा मुबलक साठा असूनही काही दीर्घिकांत ते का जन्मत नाहीत, हा प्रश्न तिला जास्त छळे. तिने निवडलेली दीर्घिका इतकी दूर होती की तिचा प्रकाश निघाला तेव्हा, तीस कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवर डायनोसॉरसुद्धा यायचे होते. तिच्याभोवती थंड हायड्रोजनचे प्रचंड वलय होते. रेडिओ दुर्बिणीने ते स्वच्छ दाखवले होते, त्याबद्दल वाद नव्हता. मग दुसऱ्या एका दुर्बिणीच्या छायाचित्रात त्याच जागी फिकट निळा प्रकाश दिसला. निळा प्रकाश म्हणजे तापलेले, कोवळे तारे. निष्फळ समजल्या गेलेल्या वलयात जन्म चालू होते. रोहिणीने शोधनिबंध पाठवला आणि दिवाळीत एका दैनिकाच्या वार्ताहराला दोन वाक्ये सांगितली. वार्ताहराने तीस कोटी वर्षांचा उल्लेख गाळून टाकला आणि ठळक अक्षरांत छापले की बेलापूरच्या लेकीने नवजात तारे शोधले.

शंका नंतर आली. त्या छायाचित्राच्या चौकटीच्या जरासा बाहेर एक ठळक तारा होता. अशा ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्याच्या काचांमध्ये आपटून परततो आणि चित्रावर अंधूक वलयासारखा पडतो. या व्यवसायातले लोक त्याला भूत म्हणतात. ते ओळखण्याची रीत सोपी असते. दुर्बीण किंचित दुसरीकडे वळवून पुन्हा छायाचित्र घ्यायचे. खरी वस्तू दीर्घिकेजवळ राहते, भूत सरकते.

श्रीरामपूरच्या बसस्थानकात ती उतरली तेव्हा मोबाईलवर नवे छायाचित्र आले होते. फलाटाच्या सावलीत उभी राहून तिने ते मोठे करून पाहिले. वलय सरकले होते. दीर्घिकेला सोडून ते चौकटीच्या कोपऱ्यात, कुणाचेच नसल्यासारखे पडले होते.

तिने तिथेच सहकाऱ्यांना आणि नियतकालिकाच्या संपादकांना कळवले की निबंध मागे घ्यावा. ते सोपे गेले. कठीण काम बेलापुरात होते, कारण तिथे आज त्या ताऱ्यांचे बारसे होते.

कल्पना मनकर्णाची. ती महिला बचत गटाची अध्यक्ष, जिभेला धार असलेली. बातमी वाचून ती म्हणाली होती, "जल्मलीत तर बारसं नको का? बाप कोन ते मात्र कुनी इचारू नका." बायका हसल्या आणि हसता हसता कामाला लागल्या. पाळणा मनकर्णाच्या नातवाचा, घुगऱ्या गटाच्या. नाव ठेवण्याचा मान बारशात आत्याचा असतो. ताऱ्यांना आत्या नव्हती, म्हणून तो रोहिणीच्या आत्याला, चांगुणाबाईंना, दिला गेला.

या मानाचे वजन काय, हे रोहिणीला ठाऊक होते. चांगुणाबाई ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. पदरी मूल नव्हते. पुढच्याच वर्षी रोहिणी जन्मली. 'रोहिणी' हे नाव त्यांनीच सुचवले, पण बाळाच्या कानात ते सांगितले दुसऱ्याच एका चुलत आत्याने. चांगुणाबाई तेव्हा स्वयंपाकघरात घुगऱ्या परतत होत्या. त्यानंतर गावात कितीतरी बारशी झाली. त्यांना कुणी नको म्हटले नाही, फक्त पाळण्याची दोरी कधी त्यांच्या हाती आली नाही. ताऱ्यांना नजर लागण्याची भीती कुणाला नव्हती, म्हणून यंदा ती आली.

रिक्षा कालव्याच्या कडेने चालली होती. पाण्यावर ऊन झोपल्यासारखे पडले होते. रोहिणीच्या मनात एक विचार येऊन बसला: आज गप्प राहावे. बेलापुरात हे कोण तपासून पाहणार होते? उद्या, परवा, फोनवर सांगता येईल. विचार तर्काला धरून होता, आणि नेमके तेच तिला आवडले नाही. निळ्या वलयाचा निष्कर्षही तर्काला धरूनच होता. वायू जिथे होता तिथेच प्रकाश दिसावा अशी तिची इच्छा होती, आणि तो दिसला होता.

अंगणात पाळणा टांगलेला होता. झेंडूच्या माळा तिने स्वप्नात पाहिल्या तशाच होत्या. अर्थात, झेंडूच्या माळा सगळीकडे तशाच असतात. पाळण्यात दुपट्यावर त्या पहिल्या छायाचित्राची फ्रेम निजवलेली होती. चांगुणाबाई ठेवणीतले हिरवट लुगडे नेसून दारात उभ्या होत्या.

"आलीस? उशीर केलास गं. हात-पाय धू. मनकर्णा सकाळपास्नं माझ्या डोक्यावर बसलीय."

"आत्या, आत चला. एक सांगायचंय."

"इथंच सांग की. बाळंतिनीनं आत-भाईर करू नये," ओसरीवरून मनकर्णा म्हणाली. बायका खिदळल्या.

रोहिणी आत्याला घेऊन स्वयंपाकघरात गेली. घुगऱ्यांच्या पातेल्यातून वाफ निघत होती. तिने सरळ सांगितले, कारण वळसे घालून सांगणे तिला जमत नसे.

"आत्या, तिथं तारे नाहीत. माझी चूक झाली. तो उजेड तिथला नव्हता, कॅमेऱ्यात पडलेला होता. आज नवा फोटो आला, त्यात तो दुसरीकडेच सरकलाय."

चांगुणाबाईंनी पदराने पातेल्याचे झाकण उचलले आणि पुन्हा ठेवले.

"जल्मलीच न्हाईत?"

"नाहीत."

"मरून गेली असं बी न्हाई?"

"नाही. झालीच नाहीत."

मग रोहिणीने ते वाक्य उच्चारले, जे उच्चारायचे नाही असे तिने रिक्षात ठरवले होते. "तुम्ही म्हणाल तर आज राहू दे. बारसं होऊन जाऊ दे. मी उद्या सांगते सगळ्यांना."

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिले. "खोट्याच्या कानात नाव सांगू व्हय मी? येवढी वर्सं थांबले ती ह्याच्यासाठी?"

त्या स्वतःच बाहेर गेल्या आणि पाळण्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "बायांनो, बारसं न्हाई. लेकरं झाली न्हाईत. रोहिणीची नजरचूक झाली."

कुणी हसले नाही. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या.

"नजरचूक? एवढं शिकून?" मनकर्णा म्हणाली. "आमी डोळ्यांनी पोटुशी वळखतो, आन् ह्यांना दुर्बिनीतनं कळंना!"

"खरंय," रोहिणी म्हणाली. "कळलं नाही."

या उत्तराने मनकर्णाची पंचाईत झाली. भांडायला समोर कुणी उरले नव्हते. "आता ह्या घुगऱ्यांचं काय करायचं? आन् पाळना रिकामा हलवू नये म्हन्त्यात."

चांगुणाबाई पाळण्यातली फ्रेम उचलू लागल्या होत्या. त्यांचा हात दोरीला लागला आणि त्यांनी तो लगेच मागे घेतला, सवयीने. ते फक्त रोहिणीने पाहिले.

"थांबा," ती म्हणाली. "तारे नाहीत. पण कडं आहे."

"कसलं कडं?"

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि रेडिओ दुर्बिणीचा नकाशा उघडला. अंधाऱ्या पडद्यावर हायड्रोजनचे वलय उमटले, एका बाजूला दाट, दुसरीकडे विरत गेलेले. बायका भोवती जमल्या.

"हे कॅमेऱ्यातलं भूत नाही. हे दोन वेगळ्या दुर्बिणींनी, वेगवेगळ्या वर्षी पाहिलंय, आणि ते सरकलं नाही. हा थंड वायू आहे. आपल्या सूर्यासारखे शेकडो कोटी तारे होतील इतका."

"मंग झालं का न्हाईत?" चांगुणाबाईंनी विचारले.

"तेच माहीत नाही. वायू फार पसरलेला आहे, हे एक कारण असेल. ते पुरेसं आहे की नाही, ते मला सांगता येत नाही."

"त्याचा काय दोष हाय का?"

रोहिणीला प्रश्न वैज्ञानिक दृष्टीने निरर्थक वाटला, आणि तरीही त्याला नेमके उत्तर आहे हे लक्षात आले. "नाही. दोष कसलाच नाही."

चांगुणाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. "नाव हाय त्याला?"

"क्रमांक आहे."

"क्रमांक तर रेशन कार्डाला बी असतो," मनकर्णा म्हणाली. तिने फ्रेम उचलून भिंतीशी उलटी उभी केली आणि दुपटे झटकून पसरले. "ठेव गं तुझी ती पेटी हितं. पालथी नको, नीट ठेव. लेकरू न झालेलीला नाव नसतं व्हय? चांगुणाला हाय की." बोलून झाल्यावर आपण काय म्हणालो ते तिला कळले असावे, कारण ती घाईघाईने माळ सारखी करू लागली.

पडदा तेवढा उघडा ठेवून लॅपटॉप दुपट्यात गुंडाळला गेला. तो हलत्या पाळण्यात ठेवणे लॅपटॉप बनवणाऱ्या कोणत्याही कंपनीने मान्य केले नसते. रोहिणीने तो ठेवू दिला. सूर्य कलला होता आणि अंगणभर तांबूस, धुरकट उजेड पसरला होता. त्यात तो चौकोनी पडदा एखाद्या विहिरीसारखा खोल दिसत होता.

चांगुणाबाई वाकल्या. "ह्याचा कान कुठशीक?"

क्षणभर विचार करून रोहिणीने वलयाच्या वरच्या डाव्या कडेवर बोट ठेवले. "इथं. इथं वायू सगळ्यात दाट आहे."

त्यांनी तिथे तोंड नेले, हाताचा आडोसा केला आणि काहीतरी पुटपुटल्या. पडद्यावर श्वासाचे धुके उमटले आणि विरले.

"मोठ्यानं सांगा की आता!" बायकांतून कुणीतरी म्हणाले.

"गोदा."

"गोदा? आता कोन ठिवतं हे नाव?" मनकर्णा म्हणाली.

"माझ्या मनात तेच हुतं," चांगुणाबाई म्हणाल्या. "लगीन झालं तवापास्नं."

मनकर्णाने दोरी उचलून चांगुणाबाईंच्या हातात दिली आणि घुगऱ्या आणायला आत गेली.

पाळणा हलू लागला. प्रत्येक झोक्यासरशी पडदा संधिप्रकाशात जाई आणि परत येई. दीर्घिका आणि तिचे वलय एकत्रच जात, एकत्रच येत. रोहिणी त्याकडे पाहत राहिली. यातून काही सिद्ध होत नव्हते. दोन्ही एकाच पडद्यावर होती.

"कधी हुतील का गं हिला तारे?" दोरी न थांबवता चांगुणाबाईंनी विचारले.

"सांगता येत नाही, आत्या. कदाचित कधीच नाही. तरी ती फिरत राहील."

"फिरू दे की," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढचा झोका जरा लांब दिला.