बावटा दिसला, काटा नाही

मित्रांनो, मी माहीमच्या एका कोळ्याच्या घरातला जुना चष्मा आहे. मुंबईतलं माहीम नव्हे हो, आपलं पालघरजवळचं, केळव्याच्या शेजारचं. माझी एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. तरी काचांवर ओरखडा नाही, त्यामुळे तुम्ही मला चांगला समजाल. समजू नका. माझी गोष्ट ऐकाल तर कळेल की तुमच्यासमोर मान वर करून बोलायची मला लाज का वाटते.

मुंबईच्या एका अंधाऱ्या कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या. घासताना जो बाक येतो त्यालाच माणसं नंबर म्हणतात. माझा नंबर लांबचा होता. म्हणजे ज्याला दूरचं धूसर दिसतं, त्याच्या उपयोगाचा मी. पुढे काळी जाड फ्रेम आली, तिच्या कोपऱ्यांवर सोनेरी ठिपके आले, आणि माझ्या डोक्यात हवा गेली. आरशात पाहायची सोय नव्हती म्हणून बरं, नाहीतर मी दिवसभर स्वतःलाच पाहत बसलो असतो.

मला विकत घेतलं एका पेटीवाल्याने. बोईसरला कारखाने आले तेव्हा तोही पोट भरायला तिकडे आला होता. पत्र्याच्या पेटीत आम्हा चष्म्यांना ओळीने झोपवायचा आणि बोईसर, वाणगाव, पालघर असा गावोगाव फिरायचा. माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाला विचारायचा, "दूर का चाहिए के नजदीक का?" पण उत्तर खरं मिळालं तरच त्या विचारण्याचा उपयोग ना!

एक दिवस तो माहीमच्या किनाऱ्यावर आला. होड्या परत यायची वेळ होती. बायका टोपल्या घेऊन वाळूत बसल्या होत्या. त्यांच्यात येसूबाई होती. पन्नाशीला टेकलेली, आवाज खणखणीत, आणि गावात तिचा एक मान होता. समुद्रावर होडी दिसली की डोलकाठीवरच्या बावट्यावरून ती कोणाची, हे सगळ्यांत आधी येसूबाई सांगायची. त्या किनाऱ्यावर डोळे चांगले म्हणजे काय, तर लांबचा बावटा ओळखता येणं. दुसरी परीक्षाच कोणाला ठाऊक नव्हती.

पण खरी अडचण वेगळीच होती. येसूबाईला जवळचं दिसेनासं झालं होतं. सुईत दोरा जाईना, तांदळातला खडा दिसेना. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. पेटीवाल्याने तिलाही विचारलं, "मौसी, दूर का के नजदीक का?" शेजारच्या बायकांचे कान टवकारलेले होते. ती म्हणाली, "चांगला दिसंल असा दे. बास."

त्याने दोन-तीन चष्मे पुढे केले. त्यातला एक जवळचा होता, तिच्या डोळ्यांना अगदी बरोबर. तो तिने नाकावर ठेवला, समुद्राकडे पाहिलं आणि लगेच काढला. "शी! याच्यात दर्या पुसल्यासारा दिसतो." मग तिने मला उचललं.

राहीबाई तिची शेजारीण, जिभेने तिखट. ती म्हणाली, "येसू, मास्तरीण झालीस की गं! सांग बगू, ती कोनाची होडी येते?"

येसूबाईने माझ्यातून पाहिलं. माझ्यातून लांबचं जरा लहान पण कोरून काढल्यासारखं दिसतं. ती ओरडली, "पिवला बावटा, मधी लाल ठिगल. आमच्या पुंडलिकची!" पुंडलिक म्हणजे तिचा मुलगा. होडी जवळ आली, ती त्याचीच निघाली, आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. मीही फुगलो. त्या टाळ्या मला माझ्याच वाटल्या, इतका मी मूर्ख.

घरी आलो आणि पहिल्याच दुपारी माझं पितळ उघडं पडलं. ती तांदूळ निवडायला बसली तर ताटातले दाणे आणि खडे एकमेकांत मिसळून गेले. आधी जेवढं दिसत होतं तेवढंही माझ्यामुळे दिसेना. तिला वाटलं, काचा मळल्या. तिने मला लुगड्याच्या पदराने पुसलं, तोंडाची वाफ दिली, परत पुसलं. मित्रांनो, मला कोणी आपटलं असतं तर चाललं असतं. पण ती मला इतक्या मायेने पुसायची, की जणू चूक धुळीची होती, माझी नव्हतीच. दर वेळी मी लाजेने मेल्यासारखा व्हायचो.

सून जमुना सकाळी पालघरच्या बाजारात मासे घेऊन जायची ती उन्हं कलली की यायची. पुंडलिक समुद्रावर. दुपारी घरात येसूबाई आणि नात नलू, दोघीच. नलू सहा वर्षांची. ती जेवायची फक्त आजीच्या हातून. आजीने मासा सोडवायचा, काटे वेचायचे, भातात कालवून घास करायचा, आणि नलूने डोळे मिटून तोंड उघडायचं. डोळे मिटून बरं का! इतका तिचा आजीवर भरवसा.

मी येण्याआधी येसूबाई बोटांनी काटे काढायची. प्रत्येक तुकडा अंगठ्याखाली चुरून बघायची. वेळ लागायचा, पण काटा सुटायचा नाही. मी आलो आणि तिने चुरणं सोडलं. नाकावर एवढा चष्मा असताना चाचपत बसायचं कशाला, असं तिला वाटलं असणार. भातात एकदा-दोनदा खडा लागला तेव्हा जमुना म्हणाली होती, "आई, तुमाला जवलचा दिसत नाय काय?" येसूबाई केवढ्याने उखडली! "मला? अख्ख्या बंदरावर इचार माजी नजर!"

त्या दुपारी ताटात पाला नावाचा मासा होता. चवीला राजा, पण अंगभर केसासारखे काटे. येसूबाईने मला चढवलं, मासा सोडवला, मोठे काटे बाजूला टाकले. बारीक काटा तुकड्यातच होता. माझ्या काचेच्या पलीकडे, अगदी समोर. मी ओरडणार कसा? नलूने डोळे मिटले आणि घास घेतला.

पोर एकदम ताठ झाली. मग खोकला, मग रडणं, मग रडताही येईना. येसूबाईने भाताचा कोरडा गोळा दिला, केळं दिलं, पाठीवर थापट्या मारल्या. थुंकीतून रक्त आलं तशी ती वेड्यासारखी बाहेर धावली. बंदरावर बर्फाचा टेम्पो रिकामा होत होता. राहीबाईने नलूला उचललं, आणि बर्फाच्या ओल्या भुशावर बसून आम्ही पालघरला निघालो. येसूबाई वाटभर एकच म्हणत होती, "माजी नलू, माजी नलू." मी तिच्या नाकावर पाण्याने भरून गेलो होतो. तिने तेव्हाही मला पुसलं.

डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला. नलू वाचली. ती राहीबाईच्या खांद्यावर मुसमुसत राहिली, आजीकडे गेली नाही.

डॉक्टरांनी काटा पांढऱ्या कापसावर ठेवला आणि येसूबाईपुढे धरला. "आजी, दिसतो?"

तिने डोळे बारीक केले. मान मागे घेतली. नाही.

"आता चष्मा काढा. हात लांब करून बघा."

तिने मला काढलं, कापूस लांब धरला, आणि काट्यावर बोट ठेवलं. अंधुक का होईना, काटा तिला दिसला होता. माझ्याशिवाय दिसला होता. त्या क्षणी माझ्या काचा तडकल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा चष्मा कोणी दिला तुम्हाला?"

"मीच घेतला. याच्यातना बावटा दिसला म्हनून."

"अहो, बावटा बघायला तुम्हाला चष्मा लागतच नव्हता. जवळचं दिसत नाही, हे का नाही सांगितलंत?"

येसूबाई खाली बघत म्हणाली, "लाज वाटली. कोलनीला काटा दिसत नाय, असा कोनाला सांगू?"

पुढच्या आठवड्यात जमुना तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी आधी विचारलं, दिवसभर काय काम करता? मग म्हणाले, मासा कसा धरता ते दाखवा. येसूबाईने मांडीजवळ हात धरले. त्यांनी डोळ्यांपासून हातांपर्यंतचं अंतर पाहिलं, समोर तांदळाचं ताट ठेवलं, आणि एकेक काच बदलत राहिले. एका काचेला ती थांबली. "अरं बाय, यो खडा! आनी यो पन!" ती हसली आणि लगेच रडली.

तपकिरी फ्रेमचा नवा चष्मा आला. बंदरावर तो घालून ती उघडपणे सांगायची, "जवलचा दिसत नाय मला, म्हनून हाय." राहीबाईनेही मग हळूच कबूल केलं, की तिलाही सुई ओवता येत नाही. मला मात्र येसूबाईने फेकलं नाही, कोनाड्यात ठेवलं. माझी दांडी नंतर मांजराने मोडली, तीही तिने बांधून दिली. मी तिच्या काही कामाचा नव्हतो, तरी.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी पेपर लांब धरत असेल, दिव्यावर राग काढत असेल, तर हसू नका. त्यांना जवळ बसून विचारा, काय दिसत नाही? आणि चष्मा घ्याल तेव्हा तो हातातल्या कामावर घालून बघा. दुसऱ्या कोणाच्या नाकावर मी शहाणा ठरलो असतो. येसूबाईच्या नाकावर मी आंधळेपणा होतो.

नलूने बरेच दिवस मासा खाल्ला नाही. मग एका दुपारी आजीने सुरमईचा तुकडा सोडवला, नव्या चष्म्यातून बघितला, अंगठ्याखाली चुरलाही, आणि घास पुढे केला. नलूने तोंड घट्ट मिटलं. ती उठली, कोनाड्यापाशी आली, टाचा उंचावून मी आत आहे ना ते तिने नीट पाहिलं. मग परत जाऊन बसली आणि तिने तोंड उघडलं. डोळे मात्र उघडेच ठेवले.