मळ्यावरचं घर वाचलं

काकूंनी त्या दिवशी रडायला नको होतं. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

झालं असं, की मळ्यावरच्या शंभर वर्षांच्या घराचं अर्धं छप्पर एका दुपारी धाडकन खाली आलं. आवाज ऐकून शेजारपाजारचे धावले, तर काकू अंगणात उभ्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. लोकांना भडभडून आलं. बिचारीचा घरावर किती जीव! आता खरं सांगायचं तर काकू आनंदानं रडत होत्या. चाळीस वर्षं तिथं गुरांचं शेण काढून, काका गेल्यावर भिंतींशी बोलून त्या विटल्या होत्या. शहरात लेकीची भाड्याची दोन खोल्यांची जागा होती. लिफ्ट होती, खिडकीखाली माणसांनी भरलेला रस्ता होता. पण काकांनी जाताना हात धरून वचन घेतलेलं: डोक्यावर छप्पर आहे तोवर हे घर सोडायचं नाही. ते छप्पर एकदाचं पडलं होतं.

आठ दिवसांत गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई घर दुरुस्त करायला दारात हजर. मागे सुतार, आणि त्यामागे तीसेक माणसं.

"अहो, कशाला एवढा त्रास?" काकू म्हणाल्या.

"त्रास कसला? हे घर आता सगळ्यांचं आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्यांचं आहे तर सगळ्यांनी राहावं, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण माणसं सुट्टीच्या दिवशी घरचा डबा घेऊन येत होती, हातांची सालटी काढून घेत होती. अशांना नाही म्हणायला जीभ कशी रेटावी, तुम्हीच सांगा. मग काकूंनी आडवाट धरली. सुताराला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मधल्या तुळईला वाळवी आहे. घर काही टिकायचं नाही."

सुतारानं तुळई ठोकून पाहिली. "खरंच की! बरं झालं सांगितलंत." पुढच्या सुट्टीला आठ जणांनी नवी तुळई खांद्यावरून आणली. करायला गेल्या एक नि झालं भलतंच.

शेवटी एकदा, चहाच्या वेळी, काकूंनी सरळ सांगून टाकलं. "मला नाही राहायचं इथं."

सुतार हसला. "धुळीला वैतागलात ना, काकू? साहजिक आहे." दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून काकूंचं सगळं सामान चादरींनी झाकून दिलं. इतक्या चांगल्या माणसांच्या तावडीतून सुटायचं कसं, हे काकूंना कुणी शिकवलंच नव्हतं.

पडलेली कौलं लोकांनी एकेक घासली, फुटली होती तिथं नवी घातली. शेवटचं कौल बसलं तशा टाळ्या वाजल्या. वचन पुन्हा लागू झालं.

घर खुलं करायच्या दिवशी लेक आली. काकूंचा निश्चय झाला होता: वचन गेलं चुलीत, नवऱ्याची माफी वर गेल्यावर मागता येईल. आजच लेकीबरोबर निघायचं. त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"तुझ्याशी बोलायचंय," काकू म्हणाल्या.

"थांब आई, आधी माझं ऐक. तू कशी रडलीस ते बाईंनी सांगितलं मला. आणि मी मूर्ख, इतकी वर्षं तुला तिकडे चल म्हणून छळत होते." लेकीचे डोळे भरून आले. "मी ती जागा सोडली. माझं सामान ट्रकनं निघालंय, उद्या इथं पोचेल. आता तुला एकटं नाही ठेवणार."

काकू खाली बसल्या.

"कधी सोडलीस?"

"परवा. दुसरं कुटुंब राहायलाही आलं."

"परत नाही मिळायची?"

"आता कशाला हवी?"

लेक हसत होती. काकूंना जन्मात पहिल्यांदा तिचा संताप आला, आणि लगेच त्याची लाजही वाटली. बाहेरून बाईंची हाक आली, "काकू, सगळे खोळंबलेत. दार तुमच्याच हातानं उघडायचंय."

काकू उठल्या, पुढच्या खोलीत गेल्या, दार उघडलं. अंगणभर माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर काकूंसाठी माया होती.

"या," काकू म्हणाल्या. "आता आम्ही दोघी इथंच आहोत."