कामाच्या जागेबाहेर

वेणूने फोन उजव्या हातात उंच धरला, मग डाव्या हातात धरला, मग चराच्या बांधावर चढून पुन्हा उजव्या हातात. अॅप दर वेळी तेच सांगत होतं : तुम्ही कामाच्या जागेबाहेर आहात.

"आता कामाच्या जागेत जायाचं तरी कुठं?" ती फोनवरच ओरडली. "पायाखाली चर हाय, समोर बाया हायेत, अजून काय दाखवू तुला?"

खाली बावीस बाया टिकाव खाली ठेवून तिच्याकडे बघत होत्या. सूर्यमाळच्या त्या उतारावर एका संस्थेचं पाणलोटाचं काम निघालं होतं. पावसाचं पाणी अडवायला डोंगराला आडवे चर खणायचे होते. वेणू बारावी झालेली, म्हणून तिला मुकादम केलेलं. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळ्यांचा फोटो अॅपवर चढवायचा, एवढीच हजेरी. पण ठरलेल्या हद्दीत उभं असल्याशिवाय अॅप फोटोच घेत नव्हतं. आज अकरावा दिवस. कागदाच्या हजेरीपटावर सगळ्यांची नावं होती, अॅपवर एकीचंही नव्हतं.

कोंडीमावशी घमेलं उपडं घालून त्यावर बसली. "वेणूबाय, वीटभट्टीचा माणूस परत पाड्यावर येऊन गेला. हजेरी लागत नसंल तर तसं सांग. पोरांना घेऊन निघू भिवंडीला. इथं उन्हात फुकट कशाला खणायचं?"

"चार दिवस थांब मावशी."

"मागच्या सोमवारीपण चारच बोलली होतीस."

वेणूने संस्थेच्या मोखाड्याच्या ऑफिसात तीनदा फोन केला होता. तिथले इंजिनियर हेमराज सर तिन्ही वेळा एकच बोलले, "ताई, तुमचा फोन जुना आहे. त्याचा जीपीएस भरकटतो. फोन बदला." जसं काही फोन म्हणजे टोपीच, ही काढली आणि ती घातली. दुसऱ्या कुणाचा वापरायचा म्हटलं तर अॅप तिच्याच फोनशी बांधलेलं.

दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी होती. वेणू जीप बदलत बदलत जव्हारला गेली. स्टँडच्या मागे तुळशीदासचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने फोन उघडून बघितला, साफ केला, परत जोडला.

"ताई, जीपीएस थोडा हलतो. पण शंभर-दीडशे पावलं, त्याहून जास्त नाही. पार्ट मिळणार नाही, कंपनीने हे मॉडेल बंद केलंय. एक करता येईल. फोन रूट करू."

"म्हणजे काय?"

"फोन तुमच्या हातात असला तरी मालक कंपनीच असते. कुठली फाईल बघायची, कुठली नाही, ते तीच ठरवते. रूट केला की मालक तुम्ही. मग लोकेशन हाताने भरता येतं. रूट न करता भरलं तर अॅप लगेच पकडतं."

"खोटं लोकेशन?"

"तुम्ही उभ्या असाल तिथलंच भरायचं. त्यात खोटं काय?"

खऱ्या जागी उभं राहून खरीच जागा चोरून भरायची, याचा वेणूला मनस्वी राग आला. पण बावीस जणींची तोंडं डोळ्यांसमोर होती. "करा," ती म्हणाली.

"आधी सगळं मेमरी कार्डावर घ्या. कंपनीचं कुलूप उघडताना फोन पूर्ण पुसला जातो."

तिने फोटो घेतले, नंबर घेतले. तुळशीदासने केबल लावून कॉम्प्युटरवर काम सुरू केलं. तासाभराने वीज गेली. आली तेव्हा फोन कंपनीच्या नावावरच अडकून बसला होता. नाव यायचं, जायचं, परत यायचं. तुळशीदासच्या कपाळावर घाम आला. तीनदा त्याने सगळं पहिल्यापासून केलं. दुपार कलली तेव्हा कुठे फोन धड सुरू झाला. त्यात एक नवं अॅप होतं. कुणीही मालकाचा हक्क मागितला की ते विचारायचं : द्यायचा की नाकारायचा?

"समजल्याशिवाय कुणाला देऊ नका," तुळशीदास म्हणाला. "हा हक्क चुकीच्या अॅपला गेला तर ते काहीही करू शकतं. आणि हजेरीच्या अॅपपासून हे लपवून ठेवलंय. किती दिवस लपेल, देव जाणे."

वेणूने कामाच्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत लिहून आणले होते. तलाठ्याबरोबर मोजणीला आलेल्या माणसाच्या यंत्रावरून तिने ते स्वतः उतरवले होते. तुळशीदासने ते आकडे भरले आणि हजेरीचं अॅप उघडलं.

तुम्ही कामाच्या जागेबाहेर आहात.

"असं कसं?" तुळशीदासने आकडे पुन्हा तपासले, पुन्हा भरले. तेच उत्तर. वेणूला वाटलं, फोन उचलावा आणि समोरच्या गटारात भिरकावून द्यावा.

तुळशीदास मात्र एकदम ताठ बसला. "थांबा. आता तर फोन बरोबर जागा सांगतोय. मग चूक फोनची नाहीच." हजेरीच्या अॅपचा आतला फोल्डर, जो एरवी कुणाला दिसत नाही, तो त्याने उघडला. फायली चाळता चाळता एकीत चार कोपऱ्यांचे आकडे सापडले. कामाची हद्द. त्याने ते नकाशावर टाकले.

चौकोन ओढ्यापलीकडच्या डोंगरावर पडला. तिथे चर नव्हते, बाया नव्हत्या, नुसतं सागाचं जंगल होतं.

वेणूने त्या चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "अकरा दिवस मी फोनला शिव्या घातल्या."

सोमवारी सकाळी ती मोखाड्याच्या ऑफिसात जाऊन बसली. हेमराज सर अकराला आले. तिने नकाशाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, कुणाला तरी फोन लावला आणि हळू आवाजात बोलले. अर्ध्या तासात हद्द दुरुस्त झाली.

"झालं ताई. आता हजेरी लागेल."

वेणूने तिथेच अॅप उघडलं. रात्रीतून ते आपोआप अपडेट झालं होतं. लाल पट्टी आली : या फोनशी छेडछाड झाली आहे. खाते बंद करण्यात आले आहे.

हेमराज सरांनी वाचलं. "फोन रूट केलात? नियमात बसत नाही हे. खातं मला उघडता येत नाही, ते वरून होतं."

"सर, रूट केला नसता तर तुमची चूक सापडली असती?"

"मी तसं लिहू शकत नाही."

"मग काय लिहिता ते लिहा. पण अकरा दिवसांची हजेरी कागदावरून घ्या."

तिने बरोबर आणलेल्या हजेरीपटावर त्यांनी शेरा लिहिला : तांत्रिक अडचणीमुळे. वेणूने वाचला आणि पट परत टेबलावर सरकवला. "अडचण नाय सर. हद्द चुकली होती. असं लिहिल्याशिवाय मी उठत नाय. उद्या कुणी विचारलं तर बाया कामावर नव्हत्याच असं म्हणतील."

बाहेर दोन माणसं ताटकळत होती. वेणू हलली नाही. शेवटी सरांनी शेरा खोडला आणि लिहिलं : हद्दीची नोंद चुकीची असल्याने हजेरी अॅपवर घेता आली नाही. खाली सही केली, शिक्का मारला. मग मान वर न करता म्हणाले, "मुकादम मात्र दुसरी द्यावी लागेल."

तिने सुनिताचं नाव दिलं. सुनिता दहावी झालेली, फोन नवा, हात चलाख.

संध्याकाळी ती जव्हारकडे न वळता सरळ घरी परतली. तुळशीदासला फोन करून तिने सगळं सांगितलं. तो हळहळला. "पहिल्यासारखा करून देऊ का? परत सगळं पुसलं जाईल, पण रूट केल्यामुळे बंद पडलेलं बँकेचं अॅप चालू होईल."

"खातं उघडेल?"

"ते नाही. त्यांच्याकडे तुमच्या नावापुढे खूण पडलीय."

"मग राहू दे. बँकेत मी एसटीने जाईन."

दुसऱ्या दिवशी उतारावर सुनिताने फोन धरला आणि पहिल्याच झटक्यात फोटो चढला. बाया हसल्या, कुणी टाळ्या वाजवल्या. कोंडीमावशी हसली नाही. तिने वेणूकडे बघितलं, आपल्या शेजारची जागा मोकळी केली आणि दुसरा टिकाव तिच्याकडे सरकवला.

"हा घे. दांडा ढिला हाय, जपून मार."

वेणूने ओढणी कमरेला खोचली आणि टिकाव उचलला. जमीन दगडासारखी होती. पहिल्या चार घावांत तिने जेवढा राग होता तेवढा ओतला, आणि पाचव्याला दांडा निसटला.