साडेतीन हात, वर चार बोटं

निजामाच्या अमदानीत पूर्णा स्टेशनाच्या रस्त्यावर व्यंकटरावांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर कडूबाईचं घर. घर म्हणजे काय हो, एक गोधडी आणि एक जर्मनचा तांब्या. नवरा गेला, पुतण्यांनी राणीसावरगावातून बाहेर काढलं, तेव्हापासून पाच वर्षं ती इथंच निजायची. रोज पहाटे ओटा झाडून लख्ख करायची आणि दुपारी व्यंकटराव तिला भाकरी धाडायचे.

मग कुणा बड्या साहेबाचा दौरा निघाला. रस्त्यावर कुणी पडलेलं दिसता कामा नये, असा हुकूम सुटला. माणसाला छप्पर देणं अवघड, माणूस नजरेआड करणं सोपं, आणि हुकूम सोडणाऱ्यांना सोपंच बरं वाटतं. व्यंकटराव पडले भित्रे. त्यांनी लिंबाजी नावाच्या तरण्या गवंड्याला बोलावून ओटाभर टोकदार दगड चुन्यात उभे करायला सांगितले.

लिंबाजीनं दोन दिवस मान वर केली नाही. भिंतीकडच्या कोपऱ्यात आल्यावर मात्र त्यानं एकदा कडूबाईकडे पाहिलं आणि कोपर टेकवून हातानं काहीतरी मोजलं. जाताना म्हणाला, "कडूमावशी, चुन्याला आठ दिस पानी मारावं लागतंय. पर त्या कोपऱ्यात थेंबबी नगं."

पाणी मारायचं काम व्यंकटरावांनी तिच्यावरच टाकलं. आपलं अंथरूण हिसकावणाऱ्या दगडांना आपणच पाणी पाजायचं म्हणजे बघा! पण ज्याची भाकरी खाल्ली त्याचं काम अर्धवट ठेवणं तिला जमायचं नाही. पोरगं काहीतरी चुकून बोललं असेल, असं म्हणून तिनं कोपऱ्यावरही तांब्या ओतला.

दगडांखालून चिखल ओघळला. तिथं चुना नव्हताच. नुसती माती, वरून चुन्याचा हात फिरवलेला. तिनं दगड धरला तर तो अलगद वर आला. मग दुसरा, मग तिसरा. मोकळी झालेली जागा तिनं कोपरानं मोजली. साडेतीन हात, वर चार बोटं. एका माणसाला पाय पसरून निजायला पुरेल एवढी.

कडूबाईला रडू फुटलं. सख्ख्या पुतण्यांनी दिली नाही ती जागा ह्या परक्या पोरानं गुपचूप राखली होती, आणि तिनं ती आपल्याच हातानं उघडी पाडली होती. मागं वळून पाहते तर व्यंकटराव येऊन उभे.

"मालक, लिंबाजीला काई म्हनू नका," ती म्हणाली. "मी जाते हितून."

व्यंकटरावांनी चिखल पाहिला, तिची गोधडी पाहिली. मग धोतर सावरून खाली बसले, तिच्या हातातला दगड घेतला आणि जागेवर बसवून पाहिला.

"ह्यो असा. टोक भिंतीकडं," ते म्हणाले. "सांजच्याला दुकान बंद झालं की काढत जा, पहाटं झाडताना लावत जा. आन् मला ह्यातलं काई ठावं न्हाई."

साहेब आला, ओटा बघून खूश होऊन गेला. त्या संध्याकाळी कडूबाईनं दगड काढून ओळीनं ठेवले आणि त्यांना दोनदा हात जोडले, एकदा लिंबाजीच्या नावानं, एकदा मालकांच्या. मग पाय लांब करून आडवी झाली. उशाशी चार बोटं जागा उरली, तिथं तिनं तांब्या ठेवला.