काकीचं रक्त

कारखान्याच्या मागच्या वस्तीत गरमीची, म्हणजे सिफिलिसची, लागण पसरली होती. आधी कुणी मनावर घेतलं नाही. एकापाठोपाठ एक बाळं पोटातच जाऊ लागली, तेव्हा आरोग्य खात्याला जाग आली. कपडे शिवण्याच्या त्या कारखान्यात बटणांच्या गोदामातली एक खोली रिकामी केली, दाराला पडदा लावला आणि आत नर्स बसवली. पण पडद्याआड जायला एकही बाई तयार होईना. जी जाईल तिच्याकडे अख्खा कारखाना बोट दाखवणार, हे काय सांगायला हवं?

शेवटी नर्सने इस्त्री खात्याच्या काकीला गाठलं. काकी तिथली मुकादम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी मुलगा, सून, नातवंडं. बोलायला फटकळ, वागायला सरळ. तिच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

"तुम्ही आधी बसलात तर बाकीच्यांची भीड चेपेल," नर्स म्हणाली.

"माझ्या रक्तात काय सापडणार तुम्हाला? वाफ!" असं म्हणत काकी सगळ्यांदेखत बाही वर सारून आत गेली. तिच्यामागून पाच-सहा जणी गेल्या.

पुढच्या आठवड्यात नर्सने तिला एकटीला बोलावलं, दार लोटलं आणि निकाल सांगितला.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," काकी म्हणाली.

"मी पुन्हा तपासून घेतलं, काकी. हा आजार वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. तुमच्या यजमानांकडूनही आला असेल. इंजेक्शनांनी बरा होतो. पण सध्या कुणाशी संबंध असेल, तर त्यांनाही तपासायला हवं. बाहेर अक्षर जाणार नाही."

नवऱ्याच्या नावावर सगळं ढकलून सुटता आलं असतं. मेलेल्या माणसाला कोण तपासायला बोलावणार? पण कारखान्यातला बॉयलरवाला होता. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याकडे जायची, आणि इतक्या वर्षांत या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं.

"आहे एक," ती म्हणाली. "मीच आणते."

बॉयलरवाला ऐकून आधी भडकला. "म्हणजे माझ्यामुळे? की तुझ्यामुळे?"

"ते विचारायला तिथे कुणी बसलेलं नाही. तू फक्त दंड पुढे कर."

तो दोन दिवस तोंड फिरवून होता. मग आपणहून खोलीशी येऊन उभा राहिला. त्याचंही रक्त तसंच निघालं. दोघांचीही इंजेक्शनं सुरू झाली.

गोष्ट इथेच मिटली असती. पण काजं करणारी एक पोर सातव्या महिन्यात होती आणि काही केल्या तपासून घेत नव्हती. "असली तपासणी चांगल्या घरच्या बायकांची नसते, सासूबाई म्हणतात," हे तिचं एकच पालुपद. नर्सचं डोकं फोडून झालं होतं.

काकी मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसली. "माझं घर चांगलं आहे ना गं?"

"असं काय विचारता, काकी?"

"माझी निघाली. गरमी. इंजेक्शनं घेतेय."

पोरीच्या हातातला घास हातातच राहिला. यंत्रं बंद होती, त्यामुळे आजूबाजूच्या बाकांवरही ते ऐकू गेलं. काकीला ते कळलं, पण तिने आवाज खाली आणला नाही. "मला काही होवो, माझं वय झालं. तुझ्या पोटात जीव आहे. ऊठ."

पोर उठली. तिला लागण निघाली, नवऱ्यालाही. दोघांवर वेळेत उपचार झाले.

बातमी काकीच्या आधी घरी पोहोचली. मुलगा जेवणावरून उठून गेला. सून काही वेळ भांडी आवरत राहिली, मग हळूच म्हणाली, "आई, फार दुखतं का हो ते इंजेक्शन?"

"कमरेखाली आग होते नुसती. धड बसता येत नाही."

"पाणी गरम करून देते शेकायला," सून म्हणाली आणि पातेलं चढवलं.

त्या महिन्यात पडद्याबाहेर रांग लागायची. मागून कुजबुज व्हायची, टोमणेही बसायचे, पण रांग मोडली नाही. काजवालीला मुलगी झाली. जन्मताच तिने दवाखाना डोक्यावर घेतला. मुलगा मात्र काकीशी पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलायचा. काकीने त्याची मनधरणी केली नाही.